महेंद्रची कंदीलवाली

महेंद्र माझा धाकटा भाऊ. गेल्या वर्षी गेला. त्याच्याबरोबर रविवारी खेळणारा ऋतुराज म्हणाला, ताई तुम्ही लिहा, आमच्या खेळाच्या ग्रुपवर आता नवीन मुलं आलीयत, त्यांना महेंद्रदादा कोण ते माहीतच नाही, नुसता फोटो बघतात. मी म्हटलं, अरे सातवीनंतर मी काही लिहिलेलं नाही. तर म्हणाला, बोलता तसं टाइप करा. आता मी बोलायला लागले की सगळंच बोलणार, तुम्हा लोकांना पण बोलणार, ते ऐकून घ्यायचं.

आम्ही डोंबिवली वेस्टला, कोपरच्या बाजूला राहतो. मूळ कणकवलीकडचे. माझं लग्न झालं ते पण दोन बिल्डिंग सोडून, त्यामुळे मी दिवसभर आईकडेच असते. आई आणि मी भाजणीच्या चकल्या, शेव, कडबोळी करतो आणि विकतो. चकली मऊ पडू नये म्हणून आतलं दिसत नाही अशा चंदेरी पाकिटात भरतो. हाताने दाबायचं सीलिंग मशीन आहे आमच्याकडे. त्याची तार एका टोकाला वाकलीय, त्यामुळे प्रत्येक पाकिटाच्या टोकाला एक चुणी पडते. महेंद्रला किती वेळा सांगितलं, लोकांच्या लिफ्टा दुरुस्त करतोस, हे एवढं बघ. बघतो म्हणायचा.

लिफ्टचं काम करायचा तो. आयटीआय केलेलं, मग माजिवड्याच्या मोठ्या मोठ्या टॉवरांचं मेंटेनन्स. लिफ्टमध्ये कोणी अडकलं की याला फोन. मशीन रूममध्ये जायच्या आधी हा अडकलेल्या माणसाशी बोलायचा, दाराला तोंड लावून. काहीतरी गोष्टच सांगायचा, की समजा तुम्ही गुहेत आहात आणि बाहेर एक राक्षस झोपलाय, त्याला उठवायचं नाही म्हणून आपण हळू काम करू. एक बाई होती, हार्टवाली, ती अडकलेली. बाहेर आल्यावर म्हणे विचारते, राक्षस उठला का पुढे? असा होता. आणि शेवटी हार्टनेच गेला. टॉवरमधून घरी आला, आईला म्हणाला छातीत जड वाटतंय, हॉस्पिटलला नेईपर्यंत संपलं सगळं. चाळिशी पण नीट लागली नव्हती.

लग्न केलं नाही. मुली बघितल्या, नाही असं नाही. पण घरी आले लोक की पहिली नजर त्या शोकेसवर जायची. शोकेसमध्ये काय, तर बोटाएवढे प्लास्टिकचे राक्षस, चेटकिणी, बाणवाले, दोन तोंडांचे कुत्रे. रंगवलेले, बारीक काम, डोळ्यांतली बुबुळंसुद्धा दिसतात. आता तुम्हाला माहितीये सगळं, पण आलेल्या पाहुण्यांना काय सांगायचं? महेंद्र सांगत बसायचा, की आम्ही मित्र रविवारी जमतो, एकजण गोष्ट सांगतो, बाकीचे त्या गोष्टीतले लोक होतात, फासे टाकतो, त्यावर ठरतं कोण मेलं कोण वाचलं. मुलीचे वडील हळूच चहाचा कप खाली ठेवायचे.

ते पण मला चाललं असतं. माणसाला नाद असतो. माझा राग होता तो पाकिटांवर.

हे राक्षस दोन तऱ्हेने मिळतात. एक म्हणजे सुटे. दुकानात काचेत उभे असतात, बोट दाखवायचं, पैसे द्यायचे, घेऊन यायचं. दुसरं म्हणजे बंद पाकीट. एका पाकिटात एक, आणि आत कोण आहे ते वरून कळत नाही. फोडायचं आणि निघेल तो आपला. साध्यांची पाकिटं ढीगभर, आणि एखादाच भारीवाला कुठल्या तरी पाकिटात. आमचा हा शहाणा कायम बंद पाकीटच घ्यायचा. त्या पाकिटांतून गदावाला राक्षस इतक्या वेळा निघाला की आईने एक देव्हाऱ्याच्या हलणाऱ्या पायाखाली सरकवला, एक खिडकीच्या फटीत लावला, आणि मी हिशेबाचे कागद उडू नयेत म्हणून वर तोच ठेवते. सुटा घेतला असता तर एक गदावाला घेतला असता आणि विषय संपला असता.

मी त्याला एकदा म्हटलं, माझ्या पाकिटावर चकली लिहिलेलं असतं आणि आत चकली असते. गिऱ्हाइकाने चकली मागितली आणि आतून शेव निघाली, तर माझ्या तोंडावर फेकून मारेल.

तर म्हणतो, "मग शेव खायची, ताई."

मी पुढचं पाकीट मशीनवर दाबलं.

सुटे घेणाऱ्यांना तो नावं ठेवायचा नाही. पण स्वतः घ्यायचा नाही. म्हणायचा, बाहुली सुटी घेतली तर ती मी आणली, पाकिटातून निघाली तर ती आली. दुकानात पोरं पाकिटं दाबून दाबून बघतात, आत तलवार लागते की काठी लागते. हा दाबायचा पण नाही. वरचं उचलायचा, हत्यारांच्या पिशवीत टाकायचा आणि न फोडता घरी आणायचा. फोडायचं आईने. आईच्या हाताला गुण आहे म्हणे. आई पण अशी, त्याला शिव्या घालत घालत पदराला हात पुसायची आणि फोडायची. "बायको पण पाकिटातून निघेल म्हणून बसलाय मेला," असं म्हणत फोडायची. मग दोघांचं डोकं एकत्र, त्या पाकिटात. मी तिकडे तळणीवर एकटी.

त्याच्या सेटमध्ये सगळे आलेले, एक सोडून. कंदीलवाली. म्हणजे वाकलेली म्हातारी, अंगावर घोंगडीसारखं काहीतरी, आणि हातात उंच धरलेला कंदील. शोकेसच्या मधल्या फळीवर तिची जागा त्याने मोकळी ठेवलेली, तिथे दुसरं काही ठेवू द्यायचा नाही. मी एकदा आईची गोळ्यांची डबी ठेवली तर उचलून बाजूला केली. वर्षानुवर्षं ती काही आली नाही, आणि हा गेला.

आता कावळ्याचं सांगते, कारण खरा घोळ तिथे झाला.

दहाव्याला आम्ही रेतीबंदरावर गेलेलो, खाडीवर. विधीला धाकूमामा बसलेले, आईचे भाऊ, गावाहून आलेले. दुसरं होतं कोण? पिंड ठेवला. कावळे होते, नाही असं नाही, भिंतीवर रांगेने बसलेले. पण एक पुढे येईल तर शपथ. गुरुजी म्हणाले, कोणाला माहीत असेल काय इच्छा राहिली ते बोला. मी म्हटलं, आईला मी बघेन रे महेंद्र, काळजी करू नको. काही नाही. मामा म्हणाले, तुझी ती बावलां आमी सांभाळतलंव रे. एक कावळा उडाला, दुसऱ्या भिंतीवर जाऊन बसला. ऊन चढलं, मागे दुसऱ्या लोकांचा विधी खोळंबलेला, गुरुजी दर्भाचा कावळा करायच्या तयारीला लागले. आणि तेवढ्यात ऋतुराज पुढे आला. आता तूच वाचतोयस हे, तर वाच. रडत रडत हात जोडून म्हणाला, "दादा, कंदीलवाली आम्ही आणू. पाकिटातूनच काढू. सुटी नाही घेणार."

आणि कावळा आला. सरळ आला आणि चोच मारली.

सगळ्यांनी हुश्श केलं. मी पण केलं. घरी येताना डोक्यात आलं, अरे, याने काय बोलून ठेवलं. कंदीलवाली आणू, एवढं म्हणाला असता तरी त्या कावळ्याने शिवलं असतं की. ते पाकिटातूनच, सुटी नाही, हे कोणी सांगितलेलं जोडायला?

बरं, घरी येऊन गप्प राहावं, तर यानेच आईला सांगितलं. आईने ऐकून घेतलं. संध्याकाळी मी चहा टाकला तर कप सरकवला. म्हणाली, ती येईपर्यंत चहा नाही.

तुम्हाला आईचा चहा माहीत नाही. रविवारी तुम्ही खेळायला यायचा तेव्हा तुम्हाला एकदा मिळायचा, ती आत चार वेळा प्यायची. उठल्यावर चहा, भाजणी दळून आली की चहा, तळण संपलं की चहा. म्हातारीचं दुसरं काय सुख आहे? जेवण चिमणीएवढं. मी म्हटलं, आई, असं करू नकोस, दूध सोड, गोड सोड. म्हणाली, जे सोडल्याने काही वाटणार नाही ते सोडून काय उपयोग. डोकं दुखायला लागलं तिचं. कपाळाला बाम लावून चकल्या पाडायची. गिऱ्हाइकांवर वसकन ओरडायची. मी माझा चहा माझ्या घरी जाऊन पिऊन यायचे, चोरासारखी, आणि ती माझ्या तोंडाचा वास घ्यायची.

म्हणून मी पाकिटांच्या मागे लागले. तर कळलं, कंपनीने ती सिरीज बंद केलीय. नवीन सिरीज आली, तिच्यात कंदीलवाली नाहीच. जुनी पाकिटं असतील तर नौपाड्याला अनिमेषकडे, महेंद्र जिथून घ्यायचा त्याच दुकानात. ठाणे स्टेशनवरून चालत गेले. दवाखान्याच्या वर जिना चढून ते दुकान. आत गेले आणि पहिली नजर कुठे गेली? काचेच्या कपाटात कंदीलवाली. उभी. सुटी. खाली किमतीचं स्टिकर.

मी पहिल्यांदा बघितली तिला. माझ्या भावाने उभी हयात जिची वाट बघितली ती ही इथे उभी, आणि तो हिच्यासमोरून पाकीट उचलून घरी येत होता. मला इतका राग आला की मी खुर्चीवरच बसले. त्या अनिमेषला वाटलं जिना चढून दम लागला, त्याने पाणी दिलं.

मी विचारलं, ही कुठून आली तुझ्याकडे? म्हणाला, पाकिटातून. काही पाकिटं आम्हीच फोडतो ताई, आणि चांगले निघतात ते सुटे विकतो. मी म्हटलं, मग जी बंद ठेवलीयत त्यात ती असणार कशावरून?

"असेल पण, नसेल पण," तो म्हणाला. "मला पण माहीत नाही, म्हणून तर विकता येतात."

माझ्या धंद्यात असं बोलले असते तर कोपरमध्ये राहू दिलं नसतं लोकांनी.

पण घेतली पाकिटं. आईकडे आणली. आईने पदराला हात पुसून फोडली. गदावाला. बाणवाला. गदावाला. दोन तोंडांचा कुत्रा, ज्याचं एक तोंड वाकडं. परत गेले, परत आणली. तुम्ही पण आणलीत, ते मी विसरणार नाही, क्षिप्रा तर ऑफिसमधून परस्पर घेऊन यायची. पण निघायचं तेच. प्रत्येक वेळी आई फोडायच्या आधी जरा सरसावून बसायची आणि फोडल्यावर म्हणायची, बरं, पुढच्या वेळी. महेंद्र पण अगदी असंच म्हणायचा. मला ते ऐकवायचं नाही. मी त्या कंपनीला, त्या कावळ्याला, ऋतुराजला, आणि गेलेल्या माणसाला पण मनात इतकं बोलले की सांगायची सोय नाही.

वर्षश्राद्ध जवळ आलं. आई वाळलेली. एकदा तळणीसमोर चक्कर आली, मी धरली म्हणून, नाहीतर उकळत्या तेलात हात गेला असता. त्याच दिवशी मी ठरवलं, बस झालं. नौपाड्याला गेले आणि ती काचेतली कंदीलवाली सुटी विकत घेतली. किती पैसे दिले ते इथे लिहीत नाही, आईच्या कानावर जाईल. वर अनिमेषकडची शेवटची उरलेली बंद पाकिटं पण घेतली सगळी. त्याला म्हटलं, हिला पाकिटात घालून बंद करून दे. तर म्हणतो, तसलं काम मी करत नाही, दुकानाचं नाव जाईल. मी म्हटलं, नको देऊस. पाकिटं बंद करायला मला तू शिकवणार का?

घरी आई झोपलेली बघून एक पाकीट वरून हळूच कापलं. आतला बाहेर काढला, गदावालाच होता, कंदीलवालीला आत ठेवलं आणि आपल्या मशीनवर दाबून टाकलं. इतक्या सफाईने की कंपनीवाल्यांनी नोकरी दिली असती. आईच्या हातात दिलं. म्हटलं, आई, हे बघ आजचं.

आईने फोडलंच नाही. सील केलेल्या कडेवरून अंगठा फिरवला. टोकाशी थांबली.

"मंजू, ही चुणी आपल्या मशीनची आहे."

मी म्हटलं, कंपनीच्या मशीनची पण असेल तशी.

"कंपनीची पण तार वाकली होय? आणि त्यांच्या पण भावाने दुरुस्त केली नाही?"

मी मग चिडलेच. म्हटलं, हो, मी आणली, सुटी आणली, आत आहे ती, फोड आणि चहा पी एकदाचा. तू त्याच्या मागे जाणारेस का? कोणाला कळणारे? आई रागावली नाही. तेच जास्त लागलं मला. म्हणाली, मला कळणार ना. आत कोण आहे ते माहीत असेल तर ते पाकीट कसलं, ती सुटीच.

मग ते पाकीट तिने न फोडता मांडीवर ठेवलं. म्हणाली, हिला परत हरवूया.

तेव्हा मला कळेना ही काय म्हणते. तिने मोठी परात घ्यायला लावली. परातीवर जुनी साडी टाकली. अनिमेषकडून आणलेली सगळी पाकिटं आणि हे माझं, सगळी साडीखाली सरकवली, ढवळली. मग डोळे मिटून, साडीखाली हात घालून एकेक पाकीट कातरीने कापायची, आतलं मुठीत धरून आपल्या चकलीच्या कोऱ्या चंदेरी पाकिटात टाकायची, आणि मी तोंड फिरवून मशीन दाबायचं. सगळ्यांना तीच चुणी. आता कुठल्या पाकिटात कंदीलवाली आहे ते तिला पण माहीत नाही, मला पण नाही. म्हणाली, वर्षश्राद्धाला त्याची ती खेळणारी मुलं येतील ना जेवायला, पाकिटं पण तेवढीच आहेत, प्रत्येकाला एकेक देऊ. ज्याच्या पाकिटातून निघेल त्याने तिच्या जागेवर ठेवायची. म्हणजे ती आली असं होईल.

खरं सांगते, मला मान्य नव्हतं. पैसे मी दिले, वस्तू घरात आली, आणि ही परत तिला ढिगाऱ्यात टाकते. पण चहा पिणार असेल तर पी बाई, म्हणून मशीन दाबत बसले.

वर्षश्राद्धाच्या दिवशी घरात ही गर्दी. ब्राह्मण जेवून गेले, मग मामांची पंगत आधी घेतली, कारण त्यांना गाडी पकडून गावाला परत जायचं होतं. टेबलावर एका बाजूला ती पाकिटांची परात, आणि शेजारी जाणाऱ्यांच्या हातात द्यायला चकलीची छोटी पाकिटं. घाईगडबडीत त्यांना लेबलं लावायची राहिलेली. आई आतून म्हणाली, धाकू, चकलीचं पाकीट घे रे जाताना, टेबलावर आहे. मामांनी घेतलं, पिशवीत टाकलं, गेले.

तुम्हा सगळ्यांची जेवणं झाल्यावर आई बाहेर येऊन बसली आणि सगळ्यांना सांगितलं काय करायचं ते. क्षिप्रा परात फिरवायला उठली. तेवढी माणसं मोजते तर एक पाकीट कमी. तिला वाटलं बाजूला घसरलं असेल, टेबलावरचं एक उचलून परातीत टाकलं. मी तेव्हा आत भांडी आवरत होते. नाहीतर वजनावरून ओळखलं असतं की.

मग फोडायला लागले. तुम्ही होतात, पण नवीन मुलांना सांगते. एकाचा गदावाला. दुसऱ्याचा गदावाला, सगळे ओरडले. क्षिप्राचा बाणवाला. आई प्रत्येक पाकिटाला पुढे वाकून बघत होती. एकेक करत सगळी फुटली आणि राहिला ऋतुराज. आता त्याच्याकडेच असणार, दुसरीकडे कुठे. ज्याने कावळ्याला शब्द दिला त्याच्याच हातात यावी, मला पण क्षणभर तसं वाटलं, मी ओल्या हातांनी दारात येऊन उभी राहिले.

त्याने फोडलं. आत बोटं घातली. आणि चकली काढली.

ऋतुराज त्या चकलीकडे बघत राहिला. मग म्हणाला, "मग चकली खायची," आणि खाल्ली. डोळ्यांतून पाणी, तोंडात चकली.

महेंद्रने ती शेवेची गोष्ट याला पण सांगितलेली तर. सगळ्यांना सांगायचा वाटतं, बहीण काय म्हणाली ते.

मी मात्र परातीकडे बघत होते. चकलीचं पाकीट इथे आलं, तर इथलं एक पाकीट गेलं कुठे? आणि डोळ्यांसमोर मामांची पिशवी आली. फोन लावला. लागेना. कोकणातली गाडी, एक बोगदा संपला की दुसरा. संध्याकाळपर्यंत लावत होते. तुम्ही लोक गेलात, जाताना प्रत्येकजण म्हणालात, ताई, कळलं की लगेच सांगा. आई तशीच बसून होती, बाम लावून. मी तिला म्हटलं, घे, आता काय करशील? काचेत उभी होती तेव्हा धड होती. सुटी आणलेली, हातात होती. आता कुठल्या गाडीत कुठल्या बाकाखाली असेल देव जाणे. आई म्हणाली, फोन लागेल उद्या.

सकाळी लागला. स्पीकरवर टाकला. मामांनी पहिलं मलाच झाडलं.

"मंजू, केवढी कंजूस झालंस गो. पाकीट हातात घेतलंय तर हलका लागला. म्हटलं दोनच चकल्यो घातलंस काय. आणि फोडलंय तर आतून म्हातारी इली."

मी विचारलं, मामा, तिच्या हातात कंदील आहे का? हो म्हणाले. अगदी बारीक कंदील, पण आसा. मी म्हटलं, मामा, ती नीट कापसात गुंडाळून ठेवा, मी कुरियरवाल्याचं बघते, ती इथली आहे, शोकेसमधली. तर म्हणाले, आता कशी देऊ? तुळशीत ठेवली. मामी म्हणाली, कंदील घेऊन इलीहा बिचारी, तिका तुळशीकडेच उभी कर, तर मातीत पाय रोवून उभी केलीय. पहाटे तिच्याजवळ दिवा पण लावला.

मी म्हणणार होते की काढा ती तिथून. तोंड उघडलेलंच. पण आईने फोन माझ्या हातातून घेतला. मामांना विचारलं, धाकू, तू फोडलंस तेव्हा तुला माहीत होतं आत काय आहे?

मामा म्हणाले, चकली असतली असाच वाटला.

आई हसायला लागली. वर्षभरात पहिल्यांदा हसली असेल, पोट धरून. फोन ठेवला, डोळे पुसले आणि मला म्हणाली, राहू दे तिला तिकडे. तुळशीपाशी अंधार असतो आपल्या गावच्या घरी. चहा टाक.

मी म्हटलं, आणि शोकेस? ती मधली फळी? मी तिला विकत आणली ती त्या जागेसाठी ना? सेट पुरा करायचा म्हणून ना सगळं केलं? आई म्हणाली, पाकिटातून निघाली ना. तो म्हणाला असता, आली.

तेव्हा आता शोकेसमध्ये ती जागा मोकळीच आहे, तुम्ही घरी आलात तर दिसेल. तिथे काही ठेवू नका. आणि जे नवीन आलेत त्यांना सांगते, तुम्हाला एखादा राक्षस पाहिजे असेल तर दुकानात जा, काचेतला दाखवा, सुटा घ्या, घरी जा. माझं ऐका. ऐकणार नाही तुम्ही, माहितीये मला.

त्या सकाळी मी चहा केला. आलं किसून, दूध जास्त घालून, वर्षभराचा पहिला म्हणून. आईने बशीत ओतला, फुंकर मारली, एक घोट घेतला आणि मला म्हणाली, "पाणचट केलायस."